कोल्डमध्ये फोन बंद पडतो, बाहेर आलं की चालू होतो : काय करायचं

१ ऑगस्टला मासेमारी सुरू होते, पहिला माल प्लांटला लागतो आणि आठवड्याभरात ही तक्रार कानावर यायला लागते. फोनवर चाळीस टक्के बॅटरी असते, माणूस कोल्डमध्ये, म्हणजे गोठवलेला मासा ठेवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, शिरतो, कार्टनवरच्या लॉट नंबरचे दोन-तीन फोटो काढतो आणि स्क्रीन काळी. बटण दाबून धरा, काही नाही. बाहेर येऊन चहा घेईपर्यंत परत बटण दाबलं की फोन निमूट सुरू होतो आणि अडतीस टक्के दाखवतो. मग कोणी म्हणतं फोन खराब झाला, कोणी म्हणतं अपडेटने झालं, कोणी फॅक्टरी रिसेट मारून सगळे फोटो घालवून बसतं.

मी रत्नागिरीजवळच्या एका फिश प्लांटमध्ये क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या कामावर, आहे. दिवसभर आत-बाहेर चालू असतं, गोठवलेल्या माशांच्या ब्लॉकला ड्रिलने भोक पाडून थर्मामीटरचा प्रोब घालायचा, कोअर म्हणजे गाभ्याचं टेम्परेचर उणे १८ डिग्री किंवा त्याखाली आहे ना बघायचं, त्याचा फोटो, कार्टनचा फोटो, पॅलेट नंबर, आणि हे सगळं आता फोनवर नाहीतर स्कॅनरवर असतं. फोन बंद पडला की रेकॉर्ड अर्धवट राहतं, आणि ऑडिटला अर्धवट रेकॉर्ड म्हणजे काय ते या लाइनमधल्या कोणाला सांगायला नको. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. इथे प्रॉब्लेम दोन आहेत आणि लोक ते एकच समजतात. एक म्हणजे आत बंद पडणं. दुसरा म्हणजे काही महिन्यांनी कॅमेऱ्यात आतून धुकं धरणं, स्पीकर बसका होणं, चार्जिंगला लावलं की ओलावा असल्याचा मेसेज येणं, आणि शेवटी एक दिवस फोन कायमचा जाणं. पहिला थंडीचा आहे आणि तो तात्पुरता आहे, फोनचं त्यात फार नुकसान होत नाही. दुसरा आपल्या किनाऱ्याच्या हवेचा आहे आणि फोन खरा मरतो तो त्याने. आतल्या थंडीला सगळे घाबरतात, दाराबाहेरच्या हवेला कोणी घाबरत नाही, आणि नेमकं उलटं पाहिजे.

तुमची थंडी कोणती आहे ते पण बघा. मिरकरवाडा बंदरात लाँचवर बर्फात हात घालून मासा काढताय, किंवा चिल रूममध्ये शून्य ते चार डिग्रीत आहात, तर बऱ्या फोनने बंद पडायला नको, पडत असेल तर बॅटरी म्हातारी झालीय. जानेवारीत दापोलीला पहाटे हुडहुडी भरते आणि लोक म्हणतात थंडीने फोन गेला, तिथेही तेच, एवढ्या थंडीत धड बॅटरी दगा देत नाही. बहुतेक फोनना कंपनी वापरासाठी शून्य ते पस्तीस डिग्री सांगते. आपलं स्टोअर उणे १८ ते उणे २२ च्या मध्ये कुठेतरी असतं आणि ब्लास्ट, म्हणजे माल झटपट गोठवायचा फ्रीझर, तर उणे ३५-४० ला चालतो. म्हणजे आपण फोन त्याच्या हद्दीबाहेर वापरतोय हे आधीच माहीत असू द्या. ब्लास्टमध्ये फोन नेऊच नका, तिथे आपण स्वतःही कामापुरतंच जातो.

आता आत बंद का पडतो. लिथियम आयन सेल पूर्ण भरलेला असला की साधारण ४.२ व्होल्ट देतो आणि रिकामा होत होत साडेतीन-तीनपर्यंत येतो. फोनच्या आतलं सर्किट हे व्होल्टेज बघत असतं, एका मर्यादेच्या खाली गेलं की फोन बंद करायचा असं त्याला ठरवून दिलेलं असतं. थंडीत सेलच्या आतलं द्रव घट्ट होतं, खोबरेल तेल थंडीत बाटलीत थिजतं ना तसं, पूर्ण थिजत नाही पण चाल मंदावते, आणि सेलचा आतला रेझिस्टन्स वाढतो. मग तुम्ही हळूहळू करंट ओढलात तर चालतं, पण एकदम जास्त ओढलात की व्होल्टेज क्षणभर खाली कोसळतं आणि सर्किटला वाटतं बॅटरी संपली. चार्ज आत तसाच असतो, फक्त बाहेर यायला वाट मिळत नाही. बाहेर येऊन सेल गरम झाला की वाट मोकळी आणि अडतीस टक्के परत. म्हणून रिसेट, सॉफ्टवेअर, ॲप काढणं यातल्या कशाचाच इथे उपयोग नाही.

एकदम करंट ओढणाऱ्या गोष्टी कोणत्या ते कळलं की अर्धं काम झालं. फ्लॅश, टॉर्च, पूर्ण ब्राइटनेस, व्हिडिओ कॉल हे सगळ्यांना सुचतं. न सुचणारी गोष्ट म्हणजे नेटवर्क. कोल्ड रूमच्या भिंती पफ पॅनलच्या असतात, मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना पत्रा, छताला पत्रा, दारालाही पत्रा. म्हणजे तुम्ही एका लोखंडी पेटीत उभे असता, सिग्नल जेमतेम एक दांडी नाहीतर तीही नाही, आणि टॉवर सापडत नाही म्हणून फोन पूर्ण जोर लावून हाका मारत राहतो. थंडीने अर्धमेल्या झालेल्या बॅटरीवर हा सगळ्यात मोठा बोजा आणि तो दिसत पण नाही. आत जाण्याआधी एअरप्लेन मोड लावा. आत वायफाय असेल तर एअरप्लेन मोड लावून मग वायफाय वेगळं चालू करा. आमच्याकडे लोडिंगच्या माणसांनी फक्त एवढं करून बघितलं तर निम्म्या लोकांची तक्रार गेली, बाकी काही बदललं नव्हतं. एक मात्र सांभाळा, एअरप्लेन मोडवर असताना तुम्ही आत आहात हे बाहेरच्या कोणाला तरी माहीत पाहिजे. कोल्डमध्ये एकट्याने जायचं नाही हा नियम आहेच, दाराच्या आतल्या बाजूचं सेफ्टी रिलीज आणि अलार्मचं बटण कुठे आहे ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी दाखवा, त्या बाबतीत फोनच्या भरवशावर राहू नका.

मग येतो फोन ठेवायचा कुठे हा प्रश्न. जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवणं म्हणजे फोन उघड्यावर ठेवल्यासारखंच. इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे आत गार हवा सोडणाऱ्या युनिटच्या, फॅनखाली उघडा धरलेला फोन दहा-एक मिनिटांत शून्याखाली जातो, बाहेरच्या खिशात थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. जागा म्हणजे जॅकेटच्या आत, शर्टाच्या छातीच्या खिशात किंवा कुडत्याच्या आतल्या कप्प्यात, अंगाच्या उबेला. पॅकिंगमधल्या आमच्या ताई कमरेला कापडी पिशवी बांधतात ॲप्रनच्या आत, ती पण उत्तम. काम असेल तेव्हा काढायचा, फोटो मारायचा, लगेच आत. हातात धरून उभं राहून एक्सेल भरत बसायचं नाही, लॉट नंबर, पॅलेट नंबर, साइझ ग्रेड जे काय लिहायचं ते बाहेर आधीच भरून ठेवा, आत फक्त फोटो आणि टेम्परेचर. आतल्या आत वहीत पेन्सिलीने लिहिलं तरी चालतं, बॉलपेनची शाई आत गोठते हे सगळ्यांना माहीत आहेच.

इथे एक बारीक गोष्ट आहे. अंगाच्या उबेतला फोन बाहेर काढून कोल्डच्या हवेत धरला तर त्यावर दव धरत नाही, कारण फोन गरम आणि हवा थंड आणि कोरडी. पण तोच फोन चांगला गार होऊ दिला आणि मग परत जॅकेटच्या आत घातला तर तिथे घामाची ओल असते आणि ती फोनवर बसते. म्हणून आतल्या खिशात सुद्धा फोन छोट्या झिपलॉक पिशवीत ठेवलेला बरा, पातळ पिशवीतून टच चालतो आणि फोटोही निघतो, फक्त लेन्ससमोर पिशवी ताणून धरायची. लोकरीच्या जाड ग्लोव्हजवर टच चालत नाही, म्हणून लोक ग्लोव्ह काढतात आणि गोठलेल्या बोटांनी फोन पाडतात. आत पातळ नायट्राइलचा ग्लोव्ह आणि वरून जाड, असं घाला, वरचा काढला तरी बोट उघडं पडत नाही आणि टच पण बहुतेक फोनवर घेतो. स्वस्त फोनचा एलसीडी स्क्रीन थंडीत संथ होतो, अक्षरं मागे राहिल्यासारखी दिसतात, तो बिघाड नाही, गरम झाला की नीट होतो.

बॅटरी जुनी असेल तर हे सगळं करूनही पडेल. वय झालेल्या सेलचा रेझिस्टन्स मुळातच वाढलेला असतो, थंडी त्यात भर घालते. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थ दिसते, बऱ्याच अँड्रॉइडमध्ये पण कंपनीच्या ॲपमध्ये कुठेतरी दिसते, ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदला, फोन बदलायची गरज नाही. २०१६ मध्ये आयफोन ६एस असेच अचानक बंद पडायला लागले होते, ते तर लोकांच्या खिशात, आणि ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ देऊन जुन्या बॅटरीवर फोनचा स्पीड कमी करून ते बरंच आटोक्यात आणलं, त्यावरून पुढे केवढा गदारोळ झाला. कारण तेच, जुन्या सेलवर एकदम लोड. तुम्ही आत जाताना बॅटरी सेव्हर लावला तर फोन साधारण तेच करतो, जोर कमी लावतो. आणि आत जाताना चार्ज साठ-सत्तर टक्क्यांच्या वर असू द्या, वर असला की व्होल्टेजला खाली पडायला जागा राहते. वीस टक्क्यांवर आत जाणं म्हणजे बंद पडायचं ठरवूनच जाणं.

गरम ठेवायचे जुगाड बरेच चालतात आणि त्यातले काही धोक्याचे आहेत. ट्रेकिंगवाले वापरतात त्या हँड वॉर्मरच्या पुड्या, लोखंडाच्या भुकटीच्या, हवा लागली की गरम होतात, त्या काही जण फोनच्या पाठीला रबरबँडने बांधतात. त्या पुड्या पन्नास-साठ डिग्रीला सहज जातात आणि सेलला एवढी उष्णता एका जागी नको, फुगतो. वापरायचीच असेल तर मध्ये कापडाची घडी ठेवा आणि पुडी अंगाच्या बाजूला, फोनच्या बाजूला नको. शिवाय पुडी फाटली आणि भुकटी मालात पडली तर तुमच्या फोनपेक्षा मोठं प्रकरण होईल, प्रोसेसिंग एरियात तर ती नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर आल्यावर फोन कॉम्प्रेसरच्या गरम पाइपवर ठेवणं, जनरेटरच्या बॉडीवर ठेवणं, हेअर ड्रायरने तापवणं, हे तिन्ही बघितलंय आणि तिन्ही चूक. अंगाची ऊब पुरते, फुकट आहे आणि सदतीसच्या वर जात नाही.

आता दाराकडे येऊ, खरा विषय हा.

कोल्डचं दार उघडलं की खाली जमिनीलगत पांढरं धुकं बाहेर सांडतं आणि दाराच्या चौकटीवर, पट्ट्यांच्या पडद्यावर बर्फाची साय धरते. तो बर्फ सगळा बाहेरच्या हवेतला आहे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता हा अगदी रोजचा दिवस. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण चोवीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. आतल्या उणे २० च्या हवेत एक ग्रॅमच्या आसपास. आणि त्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू येतो सव्वीस डिग्रीच्या आसपास, म्हणजे सव्वीसपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणारच. उणे पाचला गेलेला फोन सोडा, एसी ऑफिसमधून बाहेर आणलेल्या चष्म्यावरही धरतं. घाटावर पुण्याच्या बाजूला हिवाळ्यात कोरड्या हवेत हा त्रास कमी, म्हणून तिकडच्या वेअरहाऊसवाल्यांचे सल्ले आपल्याकडे पुरे पडत नाहीत.

फोनवर बाहेरून पाणी धरतं ते आपण पुसतो आणि विसरतो. पण फोन गार झाला की आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते, आणि ती ओली हवा आतल्या गार भागांवर पाणी होऊन बसते, कॅमेऱ्याच्या काचेच्या आतून, कनेक्टरवर, मदरबोर्डवर. फोनवर आयपी ६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण, असं लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, ती टेस्ट साध्या पाण्यात बुडवण्याची असते, रोज दहा वेळा उणे २० ते ३० असं फिरवण्याची नसते, आणि सीलचा गोंद वर्षभरात ढिला पडतो. त्यात आपल्या हवेत मीठ. चार्जिंग पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा, पिनांवर हिरवट थर दिसला तर हेच चाललंय. सिम ट्रेच्या खोबणीत बहुतेक फोनमध्ये एक पांढरा ठिपका असतो, ओल लागली की लाल होतो, तो लाल झाला की वॉरंटीचा विषय संपला, सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा तेच बघतो.

उपाय साधा आहे पण नियमाने करावा लागतो. फोन गार झाला असेल तर बाहेर येण्याआधी, आतच, तिथल्या कोरड्या हवेत, फोन झिपलॉक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, झिप नीट बंद करा आणि मगच दार उघडा. बाहेर आल्यावर पाणी पिशवीच्या बाहेरून धरेल, अगदी थेंब ओघळतील, ते पुसा पण पिशवी उघडू नका. फोन हाताला बाहेरच्या इतका गरम लागेपर्यंत थांबा, अर्धा तास तरी, जास्त गार झाला असेल तर तासभर. हिमालयात फोटो काढायला जाणारे कॅमेऱ्याचं हेच करतात. आतमध्ये घातला हे महत्त्वाचं, बाहेर येऊन पिशवीत घातला तर ओली हवा पिशवीत कोंडली, फायदा शून्य. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकली तर अजून बरं, नव्या बुटांच्या खोक्यात येते ती चालते, फक्त ती महिनोन्महिने तीच वापरू नका, ओल पिऊन बसलेली असते.

प्लांटला अँटी रूम असेल, म्हणजे स्टोअर आणि लोडिंगच्या मधली पाच-दहा डिग्रीची खोली, तर तिचा उपयोग करा. तिथली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी कोरडी असते, फोन पिशवीतच ठेवून तिथे आधी थोडा वेळ सावरू द्या आणि मग बाहेर आणा. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे उघडं दार. लोक दारात उभे राहून फोन बघतात कारण तिथे सिग्नल येतो, एका बाजूने गार हवा, दुसऱ्या बाजूने ओली हवा, मध्ये फोन. तेवढं एक बंद करा.

फोन अंगाच्या उबेत राहिला आणि गार झालाच नाही तर वरचं काहीच करावं लागत नाही, म्हणून मी आधी खिशाचं एवढं लांबलचक लिहिलं. मधलं काम, थोडा गार थोडा गरम, दर दहा मिनिटांनी आत-बाहेर, तेच सगळ्यात वाईट. जमत असेल तर आतलं काम एकत्र करा, चार फेऱ्यांऐवजी एक. नाहीतर आतल्या कामाला एक जुना फोन वेगळा ठेवा जो शिफ्टभर अँटी रूम आणि कोल्ड एवढ्यातच राहील, बाहेर येणारच नाही, आणि शिफ्ट संपल्यावर पिशवीत घालून एकदाच बाहेर. एकतर गरमच ठेवा नाहीतर गारच ठेवा, असं आमच्या रेफ्रिजरेशनच्या काकांनी मला पहिल्या सीझनला सांगितलं होतं, ते इन्सुलेशनबद्दल बोलत होते पण फोनला तंतोतंत लागू पडतं.

चार्जिंगबद्दल एकच पण पक्कं लक्षात ठेवा. गार फोन किंवा गार बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. शून्याखाली चार्ज केलं की लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातूचा थर होऊन बसतं, तो थर परत जात नाही, कपॅसिटी कायमची कमी होते आणि पुढे आतून शॉर्ट व्हायची भीती. चांगले फोन स्वतःच गार असताना चार्जिंग थांबवतात, पण ड्रिलची बॅटरी, स्वस्त टॉर्च, लोकल पॉवर बँक यात ती अक्कल असेलच असं नाही. बंद पडला की लोक घाईने पहिल्यांदा चार्जरच शोधतात. त्याऐवजी चहा प्या, फोन कोमट होऊ द्या, मग लावा. आणि पोर्ट ओला असताना तर नाहीच, मिठाच्या ओलीत करंट सोडला की पिना खाल्ल्या जातात.

स्कॅनर, लेबल प्रिंटर, ड्रिल यांचं थोडं वेगळं आहे कारण त्यांच्या बॅटऱ्या निघतात. दोन बॅटऱ्या ठेवा, एक मशीनमध्ये, एक आतल्या खिशात गरम, पहिली ढेपाळली की अदलाबदल. ढेपाळलेली फेकू नका, ती संपलेली नसते. अंकी थर्मामीटर आणि टॉर्चला साधे अल्कलाइन सेल घालत असाल तर तेच अडचणीचं मूळ आहे, त्यात पाण्यावर आधारलेलं द्रव असतं आणि उणे २० ला ते जवळजवळ झोपतं. दीड व्होल्टचे लिथियम एए मिळतात, ते उणे ४० पर्यंत चालतात, महाग आहेत पण कोल्डमध्ये परवडतात. घेताना दीड व्होल्ट लिहिलंय ना ते बघा, त्याच आकारात ३.६ व्होल्टचे पण सेल येतात, ते थर्मामीटरमध्ये घातले तर थर्मामीटर जाईल. स्कॅनर नवीन घ्यायचा असेल तर फ्रीझर मॉडेलच मागा, झेब्रा वगैरे कंपन्यांची उणे ३० पर्यंतची येतात, त्यात काचेला आणि आतल्या भागांना बारीक हीटर असतो त्यामुळे दव आणि साय धरत नाही. साध्या मॉडेलपेक्षा बरंच महाग पडतं, पण साधा स्कॅनर दर सीझनला बदलायचा हिशोब मालकांसमोर मांडा.

बोटीवर, म्हणजे मर्चंट नेव्हीत असलेली आपली पोरं पण हेच विचारतात, राजापूर-गुहागर-दापोलीकडची घरटी एक तरी असतं जहाजावर, थंड समुद्रात डेकवर काम करताना व्हेप पेन, म्हणजे ई-सिगारेट, चालत नाही म्हणून. त्यात दोन गोष्टी होतात, सेलचं वर लिहिलंय तेच, आणि दुसरं म्हणजे आतलं लिक्विड ग्लिसरीनचं असल्यामुळे थंडीत घट्ट होऊन कॉइलपर्यंत पोचत नाही, कॉइल कोरडी तापते आणि जळकट वास येतो. आतल्या खिशात ठेवणं हाच उपाय तिथेही, आणि सुटा सेल खिशात नाण्यांबरोबर, किल्ल्यांबरोबर ठेवू नका, शॉर्ट होऊन पेट घेतो. इकडे आणायचा विचार करू नका, २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची आयात, विक्री, वाहतूक, साठवण सगळ्यावर बंदी आहे. आणि प्लांटमध्ये तर व्हेप, बिडी, लायटर काहीच नको, कोल्ड गार ठेवणाऱ्या मशीनमध्ये अमोनिया असतो, त्याचं प्रमाण हवेत पंधरा ते अठ्ठावीस टक्क्यांच्या मध्ये गेलं की तो पेटतो, गळतीच्या वेळी मशीन रूममध्ये एक ठिणगी पुरे आहे.

आता ओल आत गेलीच असेल तर. फोन ताबडतोब बंद करा, परत परत चालू करून बघू नका, सिम ट्रे काढून ठेवा, कव्हर काढा, पोर्ट खाली करून हलकेच हातावर आपटा आणि साध्या पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवा, रात्रभर. तांदळात घालायचा नाही, ॲपलनेच तसं सांगितलंय, तांदळाची पूड पोर्टमध्ये जाऊन बसते आणि आतली ओल तांदूळ काही ओढत नाही. हवाबंद डबा आणि भरपूर सिलिका जेल असेल तर ते तांदळापेक्षा चांगलं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात आतून धुकं दिसत असेल किंवा चार्जिंगला परत ओलाव्याचा मेसेज येत असेल तर स्वतः काही करू नका, रिपेअरवाल्याकडे न्या आणि त्याला उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ करायला सांगा, आणि कोल्डमध्ये वापरला होता हे सांगा, लपवू नका, नाहीतर तो फक्त पोर्ट बदलून देतो आणि बोर्डवरचं मीठ तसंच आत काम करत राहतं. बॅटरी फुगलेली दिसली, पाठ किंचित वर आलेली किंवा स्क्रीनच्या कडेला फट पडलेली, तर तो फोन त्या क्षणापासून चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, आणि पॅकिंग हॉलमध्ये तर ठेवायचाच नाही, बाहेर मोकळ्यावर कोरड्या जागी ठेवा आणि लगेच रिपेअरवाल्याकडून बॅटरी काढून घ्या.